सेवाही आणि सफारीही: केनिया, जोयडा की भीमगड?

दसऱ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठेतरी जावे, तेथे काही दिवस गावाच्या उपयोगी पडेल असे काम करावे आणि उरलेल्या दिवसांत जंगल पाहावे, ही कल्पना मुख्यतः परदेशी सहल कंपन्यांच्या जाहिरातींतून आपल्याकडे आली आहे. त्या जाहिरातींत केनिया किंवा टांझानिया असतो, एखादी शाळा असते, भिंत रंगवणारी गोरी मुले असतात आणि शेवटच्या चित्रात सिंह असतो. बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या कुटुंबाने या कल्पनेचा विचार करताना आपल्या दारातले दोन पर्याय बाजूला ठेवावेत असे मला वाटत नाही. म्हणून केनिया, कारवारच्या, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा-दांडेलीचा काळी व्याघ्र प्रकल्प आणि खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य यांची येथे शेजारी शेजारी ठेवून पाहणी केली आहे. माझा कल आधीच सांगते: गावकाम आणि सफारी एकाच पाकिटात विकत घेण्यापेक्षा काम जवळच्या गावी करावे, कारण तेथे पुन्हा जाता येते; आणि प्राणी पाहणे हा स्वतंत्र खर्च मानून तो झेपेल तेथे करावा.

सुट्ट्यांचे दिवस आपल्या हातात नसतात, त्यामुळे तुलना तेथूनच सुरू करणे योग्य ठरेल. कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत आणि छोटी दसऱ्याच्या सुमारास मिळते. केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो, म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी तेथे नेमकी चिखलात जाते. मसाई मारामध्ये विल्डबीस्टचे प्रचंड कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात असतात, त्यामुळे दसऱ्याची सुट्टी त्या हंगामाच्या शेवटाशी जुळते. मात्र जुलै ते डिसेंबर या सहामाहीत मारा राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्क प्रौढ परदेशी पर्यटकाला दररोज 200 डॉलर, म्हणजे जानेवारी ते जूनच्या दुप्पट असते. जोयडा-दांडेलीचे गणित याच्या उलटे आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पावसाचा जोर आणि जळवा यांमुळे तेथील सफारीचा भरवसा धरता येत नाही. ऑक्टोबरमध्ये रान हिरवेगार पण दाट असते. आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटल्यामुळे प्राणी दिसण्याची शक्यता वर्षभरातील सर्वांत चांगली असते. उन्हाळी सुट्टीपुरता तरी हा प्रश्न येथेच सुटतो.

केनियाचे बलस्थान निर्विवादपणे प्राणी हे आहे. गवताळ माळावर नजर मैलभर जाते. हत्ती, सिंह, जिराफ, झेब्रे हे सारे दोन दिवसांत मुलांना पाहता येते, आणि असे आश्वासन सह्याद्रीच्या दाट रानात कोणीही देऊ शकत नाही. मुंबईहून नैरोबीला सुमारे सहा तासांचे थेट विमान आहे. जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना काढावा लागतो, तो घरबसल्या मिळतो. कटकट आहे ती पीतज्वराच्या लशीची: ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र नसेल तर केनियाहून भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, एवढाच दिलासा. हिवतापावरील गोळ्यांबाबत, विशेषतः लहान मुलांच्या मात्रेबाबत, डॉक्टरांशी आधी बोलावे लागते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबई, मुंबईहून नैरोबी, नैरोबीहून मारा, असे चौघांचे भाडे, राहणे आणि शुल्क एकत्र केले तर आकडा काही लाखांत जातो.

खरी शंका येते ती तेथील 'सेवे'बद्दल. आठ-दहा दिवसांसाठी आलेल्या, स्वाहिली किंवा मसाईंच्या मा भाषेचा एक शब्दही न येणाऱ्या कुटुंबाकडून त्या गावाला नेमके काय मिळते, याचे सरळ उत्तर जाहिरातींत सापडत नाही. अनाथालयातील मुलांसोबत वेळ घालवण्याचा कार्यक्रम असेल, तर तो पर्याय तेथेच सोडावा असे मी स्पष्टपणे म्हणेन. आठवड्या-आठवड्याला नवी माणसे जीव लावून निघून जातात याचा मुलांवर होणारा परिणाम, आणि पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलेही अशा संस्थांत आणून ठेवली जाण्याचे प्रकार, यांमुळे या पद्धतीवर जगभर टीका झाली असून 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही तिच्या दुष्परिणामांची दखल घेतली गेली. दक्षिण आफ्रिकेतील सिंहाचे बछडे हाताळू देणाऱ्या 'सेवा' कार्यक्रमांची गोष्टही तशीच आहे. तेथे माणसाळवलेले बछडे मोठे झाल्यावर बंदिस्त शिकारीसाठी विकले गेल्याची प्रकरणे उजेडात आली आहेत. केनियाला जायचेच असेल, तर पर्यटक म्हणून जावे आणि माराच्या भोवतीच्या सामुदायिक संरक्षित क्षेत्रांत राहावे. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असते, ती पर्यटन व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने दिलेली असते आणि भाडे थेट जमीनमालकांपर्यंत पोहोचते. आपल्या मुलाने रंगवलेल्या भिंतीपेक्षा त्या भाड्याचा उपयोग गावाला अधिक होतो, असे मला वाटते.

जोयडा-दांडेलीकडे वळताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते: हा वाघांचा प्रकल्प असला तरी वाघ दिसेलच असे समजून येथे येऊ नये. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 मध्ये हा व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. रान सदाहरित आणि पानझडी असे मिश्र व दाट आहे. फणसोलीच्या बाजूने होणाऱ्या जीप सफारीत गवा, चितळ, सांबर, शेकरू, नशिबाने अस्वल किंवा कोळसुंद्यांची टोळी, आणि फारच भाग्य असेल तर बिबट्या, असा येथला हिशोब आहे. काळा बिबट्या या रानात आहे, पण तो पाहिलेल्यांपेक्षा पाहिल्याचे सांगणारे जास्त भेटतात. ज्याची जवळजवळ खात्री देता येईल असा येथला मानकरी म्हणजे धनेश. धनेशाच्या चार जाती या परिसरात आढळतात, आणि गणेशगुडीच्या आसपास सकाळी झाडाखाली शांत बसले तर सात-आठ वर्षांच्या मुलालाही दुर्बिणीशिवाय तो मोठा, पंखांचा आवाज करत जाणारा पक्षी दिसतो. मुलाला सिंह हवा असेल तर हे त्याला पुरणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

जोयड्याचे वजन वाढते ते माणसांमुळे. या तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. काळी नदीवरील धरणात जुने सुपा गाव बुडाले आणि विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली. लोंढ्यावरून जाताना रामनगर लागतेच, तेव्हा मुलांना धरणाची वीज आणि धरणाखालचे गाव या दोन्ही गोष्टी एकाच प्रवासात सांगता येतात. कुणबी, गवळी आणि कोकणी-मराठी बोलणारी इतर कुटुंबे येथे राहतात, त्यामुळे आपल्या मुलांना यजमानाशी दुभाष्याशिवाय बोलता येते. बेळगावच्या मुलाला गवळीवाड्यावरची मराठी पहिल्या दिवशी थोडी वेगळी वाटते, दुसऱ्या दिवशी कळू लागते. घरगुती निवासाची सोय अनेक गावांत झाली आहे. कुणबी शेतकरी जपत आलेली कंदमुळे, त्यांतही मुडली, कोनफळ आणि कणग, यांचे पीक हिवाळ्यात निघते आणि जोयड्यात त्यांचा मेळावाही भरतो. कामाचे स्वरूप म्हणाल, तर ऑक्टोबरच्या अखेरीपासून भातकापणीत हात लावणे, कंदांचे वाण आणि त्यांची नावे वहीत उतरवून देणे, गावच्या शाळेत वाचनाचा तास घेणे, एवढेच खरे काम असते. कापणीत आपण मदत करतो असे आपल्याला वाटते, पण यजमान शेतकऱ्याचे अर्धे लक्ष आपल्या मुलाच्या हातातील विळ्याकडेच असते. तेव्हा राहण्या-जेवणाचे पैसे काटकसर न करता द्यावेत, कारण त्या घराला खरा आधार तोच होतो. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी वस्त्यांत जायचे असेल, तर ओळखीच्या माणसामार्फत जावे आणि त्या बायकांनी शिवलेली कवंदी, म्हणजे आपल्याकडची वाकळ, योग्य दाम देऊन घ्यावी. आफ्रिकन वंशाची माणसे दाखवायला मुलांना तेथे नेऊ नये.

भीमगडची बाब वेगळी आहे, आणि तिच्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण ते आमच्या घरापासून तासा-दीड तासावर आहे. 2011 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 190 चौरस किलोमीटरचे आहे. म्हादईचा उगम याच रानात आहे, आणि कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. बारापेडे गुहेत राहणारे रॉटनचे वटवाघूळ एके काळी जगात येथेच सापडते असे मानले जात असे. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही मिळाले. या गुहेत मुलांना नेण्याचा विचारसुद्धा करू नये, कारण त्रास झाला तर वटवाघळांची वसाहत उठून जाऊ शकते. सफारीच्या कसोटीवर भीमगड तिघांत शेवटचे ठरते. रानात शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते, प्राणी क्वचित दिसतात, आणि अस्वलांच्या हल्ल्यांमुळे पहाटे-संध्याकाळी रानवाटेने पायी फिरणे तेथील माणसेही टाळतात.

कामाच्या कसोटीवर मात्र माझ्या मते ते पहिले येते. अभयारण्यातील गवाळी, पास्तोली, कोंगळा, आमगाव यांसारख्या गावांना धड रस्ता नाही. पावसात रुग्णाला खांद्यावरून आणावे लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. काही गावांच्या स्थलांतराचा प्रश्नही सुरू आहे, त्यामुळे तेथे बांधकामासारखे काही करण्याआधी ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) आणि गावच्या पंचांना विचारणे भाग आहे. उठून जाणाऱ्या गावात भिंत रंगवून काय साधणार? आमचा स्वतःचा पहिला प्रयत्न याच बाबतीत फसला होता. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या पश्चिम भागातील एका मराठी शाळेत आम्ही न विचारता रंगाचे डबे घेऊन गेलो, तर शाळा जूनमध्येच रंगवून झालेली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी चहा दिला आणि मग हळूच कपाटातील पुस्तकांचा ढीग दाखवला. पुस्तके होती, पण ती इयत्तेप्रमाणे लावलेली नव्हती, आणि दोनच शिक्षिकांना त्यासाठी वेळ नव्हता. ते काम आमच्या अकरा वर्षांच्या मुलीने दोन दिवसांत केले आणि दर तीन महिन्यांनी ती ते पुन्हा तपासायला जाते. असे पुन्हा जाणे केनियात शक्य नाही, जोयड्यात वर्षातून एकदा शक्य आहे, आणि खानापुरात रविवारी सकाळी निघूनही जमते.

निपाणी-चिकोडी भागातील कुटुंबांसाठी राधानगरीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मुधाळ तिट्ट्यावरून सरळ रस्ता आहे, दाजीपूरला गव्यांसाठी जीप सफारी होते, भाषेचा प्रश्न नाही. गोकाक-हुक्केरीकडच्यांना हिवाळ्यात धुपदाळच्या बंधाऱ्यावरील घटप्रभा पक्षी अभयारण्य पुरेसे आहे. बंडीपूर-नागरहोळे आणि ताडोबा येथे वाघ दिसण्याची शक्यता काळीपेक्षा कितीतरी जास्त आहे, पण तेथे आपण निव्वळ प्रवासीच असतो.

मुले सहा-सात वर्षांहून लहान असतील, तर केनियाची लस, गोळ्या आणि लांबचा प्रवास टाळून गणेशगुडीचे दोन दिवस निवडावेत. दहा ते चौदा वयाची मुले आणि आठवडाभराची सुट्टी असेल, तर खानापूरच्या शाळेत तीन दिवस आणि तेथूनच लोंढा-रामनगर मार्गाने जोयड्यात तीन दिवस, अशी जोड उत्तम बसते. आजी-आजोबा बरोबर असतील, तर सफारीची जीप खड्ड्यांतून जाते हे लक्षात ठेवून एकच फेरी घ्यावी. केनियासाठी पैसे साठवायचे असतील, तर ते अवश्य साठवावेत आणि त्या वर्षी सेवेचा शिक्का न लावता सिंह पाहून यावे. शाळेतील कामासाठी मुख्याध्यापक आणि शाळा सुधारणा कमिटी यांना महिनाभर आधी पत्र द्यावे, वनखात्याच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करावा, आणि दसऱ्याची सुट्टी धरायची असेल तर ही दोन्ही पत्रे गणपती बसण्याआधी पोहोचतील असे पाहावे. गणेशोत्सवात आपल्या भागात कोणत्याही कार्यालयात कागद हलत नाही.