त्रोम्सो की आबिस्को? ध्रुवप्रकाशासाठी ठिकाण निवडताना

आधी सुट्टी कधी आहे ते बघा, मग नकाशा उघडा. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हणत असाल तर बेत इथेच सोडा. त्या दिवसांत उत्तर नॉर्वे (त्रोम्सो) आणि उत्तर स्वीडनमध्ये (आबिस्को) रात्र नीट काळोखी होतच नाही. आकाशात ध्रुवप्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, नाचत असला तरी दिसणार नाही. हंगाम सप्टेंबर ते मार्चअखेर.

सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला खेटतो, आणि तिथून ध्रुवांभोवतीच्या एका वलयात इलेक्ट्रॉन वातावरणावर आदळतात. साधारण १०० ते १५० किमी उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, २०० किमीच्या वरचा लाल. त्रोम्सो (६९.६° उत्तर) आणि आबिस्को (६८.३°) या वलयाच्या बरोबर खाली आहेत. म्हणून ॲपवर केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा ० ते ९ चा आकडा) २ दिसला की हिरमुसायचं कारण नाही. तिथे तेवढा पुरतो. केपी ५-६ ची वाट दक्षिणेकडच्यांनी बघावी. सहल बुडते ती बहुतेक वेळा ढगांमुळे.

निवड ठरते ती याच मुद्द्यावर. त्रोम्सो समुद्राकाठी आहे. उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीतही सरासरी तापमान उणे ४ च्या आसपास, पण त्याच समुद्राचे ढग आठवडाभर मुक्काम ठोकू शकतात. यावर तिथला उपाय म्हणजे मिनीबस. वाटाडे उपग्रहाचं ढगांचं चित्र बघत गाडी आत हाकतात, कधी थेट फिनलंडच्या सीमेपर्यंत. एका बाजूचाच प्रवास दोन-अडीच तासांचा, म्हणजे परतायला पहाट. लहान मुलं किंवा गुडघे धरलेले आई-बाबा सोबत असतील तर हा हिशेब आधी मांडा.

आबिस्कोचं उलट. पश्चिमेचे डोंगर समुद्रावरून येणारा ओलावा अडवतात, गाव पर्जन्यछायेत येतं. घाटमाथ्यावर त्र्यंबकला धो-धो आणि पूर्वेला सिन्नर कोरडं, तसाच प्रकार. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून ३०० मिमीच्या आसपास. तोर्नेत्रेस्क तलावावर ढगांत अनेकदा मोकळी खिडकी पडते, त्यामुळे गाडीने वणवण न करता मुक्कामापासून चार पावलांवर उभं राहून बघता येतं. दुसरी बाजू म्हणजे गाव अगदी छोटं, खोल्या मोजक्या, त्यामुळे बुकिंग काही महिने आधी. स्टॉकहोमहून किरुनापर्यंत विमान, पुढे रेल्वे किंवा बसने साधारण दीड तास. त्रोम्सोला मात्र ओस्लोहून दोन तासांत थेट विमान, आणि दिवसा बघण्यासारखं शहर.

फक्त ध्रुवप्रकाशासाठीच जाणार असाल तर आमचं मत आबिस्कोला, तेही किमान चार रात्री. घरच्या सगळ्यांना रमवायचं असेल तर त्रोम्सो.

फिनलंडचं रोव्हानिएमी मुलांच्या सांताक्लॉजसाठी उत्तम, पण डिसेंबरात गर्दी आणि भाव दोन्ही चढे. ध्रुवप्रकाशासाठी त्याहून उत्तरेचं इनारी बरं. आइसलंडला स्वतः गाडी चालवून फिरण्याची मजा आहे, मात्र हिवाळ्यात वारा आणि निसरडे रस्ते सांभाळायची तयारी हवी. लडाखच्या हानलेहून मे २०२४ च्या सौरवादळात लाल आभा टिपली गेली, पण ती कॅमेऱ्यात. तेवढ्या भरवशावर रजा टाकू नका.

दिवाळीचा एक फायदा आहे: लक्ष्मीपूजन अमावास्येला, त्यामुळे आकाशात चंद्राचा उजेड नाही. त्या दिवसांत आबिस्कोला पसंती द्या, कारण नॉर्वेच्या किनाऱ्यावर शरद ऋतू फार ओला असतो. आकाश आणि बर्फ दोन्ही साधायचं तर फेब्रुवारी-मार्च. परीक्षा आड येतात, त्याला इलाज नाही.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करा. ३० हजार युरोचा प्रवासविमा लागतो. डब्यात चिवडा, मेतकूट न्या. पेढे-तूप नको, दुधाचे पदार्थ सीमेवर अडतात.

निफाडच्या ४ अंशांत चालणारा जाड स्वेटर तिथे एकटा पुरत नाही. अंगाला लोकरीचा थर, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घामाने ओलं राहतं आणि गारठवतं. बूट एक नंबर मोठे घ्या.

कॅमेऱ्याला ट्रायपॉड, लेन्सचं छिद्र एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००-३२००, शटर ५ ते १० सेकंद उघडं, फोकस हाताने ताऱ्यावर. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, जादाची आतल्या खिशात ठेवा. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तासाभराने सोडा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.