व्हॉट्सॲपवरचं ‘हो’, ईमेलवरचं ‘मान्य’ की सहीचा करार?

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात लिहायला घ्या, कोणी कागद मागत नाही. गादीवर चहा होतो, आकडा ठरतो आणि शेठ म्हणतात, ‘लिहून तर द्या, पैशाचं पाहून घेऊ.’ बाहेरगावच्या एजन्सीकडून मात्र बारा पानी पीडीएफ येते, आजच्या आज सही करून पाठवायची. फ्रीलान्स कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिणाऱ्याला या दोन टोकांच्या मधलं काहीतरी निवडावं लागतं.

तोंडी ठरलेलं कायद्यात चालत नाही, हा गैरसमज आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. अडतं ते सिद्ध करताना. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये निदान आकडा आणि तारीख राहते, पण ती कोर्टात दाखवायची तर २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाप्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. तोवर फोन बदललेला नसला म्हणजे मिळवलं! शिवाय चॅटमध्ये काम कुठे संपतं हे कधीच लिहिलेलं नसतं. ‘अजून एकदा बघा ना’ ऐकत मी एका ब्रोशरचे सात ड्राफ्ट दिलेत, पैसे एकाचेच मिळाले.

ईमेल इथे उजवा ठरतो. काय लिहायचं, किती शब्द, बदलांच्या किती फेऱ्या, आगाऊ किती, बाकीचे कधी, आणि काम मध्येच थांबलं तर काय, एवढं लिहा आणि समोरून ‘मान्य’ येईपर्यंत पहिला शब्द लिहू नका. असा इलेक्ट्रॉनिक करार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ कलमाखाली वैध असतो. महिन्याला दोन-चार पोस्ट, एखादं ब्रोशर, इतक्यासाठी माझ्या मते हे पुरतं.

सहीचा करार लागतो हक्कांसाठी. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो, फ्रीलान्सरने लिहिलेल्याचा मात्र त्याचा स्वतःचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे या कागदाची जास्त गरज क्लायंटला आहे! म्हणून ‘पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील’ हे एक वाक्य घालून घ्या. ‘कायमचे, जगभरासाठी’ हवे असतील तर दर वेगळा सांगा. टॅगलाईनचं जरा निराळं आहे. चार-पाच शब्दांना कॉपीराइट सहसा मिळतच नाही, तिथे आगाऊ रक्कम हाच आधार.

स्टॅम्प पेपरवर फार अडून बसू नका. करार त्याशिवायही होतो. मात्र मुद्रांक नसलेला दस्त कोर्टात पुरावा म्हणून चालवायचा तर आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतो. पाच हजारांच्या कामाला तो परवडत नाही, वर्षभराच्या रिटेनरला, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेच्या कामाला, घ्यावा.

आता त्या बारा पानी पीडीएफकडे. ‘आमच्या क्लायंटकडून पैसे आल्यावर तुम्हाला देऊ’ आणि बदलांच्या फेऱ्यांना मर्यादाच नाही, ही दोन कलमं खोडायला सांगा. ‘पेमेंट नव्वद दिवसांत’ असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कामी येते. ती फुकट होते, फक्त काम घेण्याआधी करून ठेवा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार पुरवठादार, म्हणजे आपण, जिथला तिथल्या या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे चालते, क्लायंट मुंबईचा असो की गुरुग्रामचा. एरवी बाहेरगावचा क्लायंट वाद त्याच्याच शहरातल्या कोर्टात चालेल असं कलम हमखास घालतो, आणि वीस हजारांसाठी तिकडच्या तारखा करणं कोणाला जमतं?

मी स्वतः पंचवीस हजारांच्या वर किंवा नव्या क्लायंटशी सहीचा दोन पानी करार करतो, बाकी ईमेल. इतवारीच्या शेठजींनाही हल्ली चहा संपायच्या आत तिथूनच मेल टाकतो. ते हसतात, पण ‘मान्य’ लिहून पाठवतात.