कंपनीच्या टॅबवर जिओफेन्सिंग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना, चिंचोलीचं गोदाम आणि बार्शी-पंढरपूरला माल पोचवणाऱ्या गाड्या, या तिन्हीकडे कंपनीचे अँड्रॉइड टॅब एमडीएमखाली, म्हणजे टॅब दुरून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरखाली, आहेत. त्यातच जिओफेन्स असतं: नकाशावर आखलेलं कुंपण, टॅब त्याबाहेर गेला की सूचना येते. व्यवस्था उपयोगाची आहे, पण जिओफेन्स म्हणजे कुलूप नव्हे, उशिरा वाजणारी घंटा आहे, हे धरूनच सेटिंग करा.

पत्र्याच्या शेडखाली जीपीएस जवळजवळ मिळतच नाही. टॅब वायफाय आणि टॉवरवरून जागा ठरवतो आणि ठिपका उड्या मारतो. 50 मीटर त्रिज्येचं कुंपण घातलंत तर यंत्रमागावर ठेवलेला टॅबही दिवसभर ‘बाहेर’ जात राहील. गुगलच किमान 100 ते 150 मीटर सांगतं. कारखान्याला 200 ठेवा, वर ‘सलग पाच मिनिटं बाहेर असेल तरच सूचना’ अशी अट घाला आणि वायफाय स्कॅनिंग चालू ठेवा. मग खोट्या सूचना बऱ्याच कमी होतात.

सूचना यायला दोन-तीन मिनिटं सहज जातात, टॅब बराच वेळ एका जागी पडून असेल तर जास्तच. ताशी 60 च्या वेगाने तेवढ्यात गाडी दोन-तीन किलोमीटर पुढे गेलेली असते. आषाढीला पंढरपुरात नेटवर्क कोंडलं की आणखी उशीर. म्हणून ‘बारा तास सर्व्हरशी संपर्क नाही तर टॅब आपोआप लॉक’ हा नियम जिओफेन्सइतकाच महत्त्वाचा. सिम काढलं तरी तो टॅबवरच लागू होतो.

कुंपण ओलांडलं की आधी सूचना, मग कामाची अ‍ॅप बंद. वाइप (टॅब दुरून पूर्ण पुसणं) मात्र आपोआप कधीच नको: डेटा जातो आणि त्याबरोबर टॅबचा मागही सुटतो.

एमडीएममध्ये टॅबची नोंदणी फॅक्टरी रीसेट करूनच करा: स्वागताच्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप, मग एमडीएमचा क्यूआर स्कॅन. एफआरपीला (रीसेटनंतर जुनं खातं मागणारं कुलूप) कंपनीचं खातं जोडा, नाहीतर बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून रीसेट करून चोर टॅब सरळ वापरायला घेईल. एमडीएमचं अ‍ॅप बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून (बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवणारं सेटिंग) वगळा. रीस्टार्टनंतर कुंपण पुन्हा नोंदवावं लागतं आणि काही अ‍ॅप तिथेच गळपटतात. टॅब बंद-चालू करून गेटबाहेर नेऊन बघाच.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर हा नाद सोडा. अँड्रॉइड 12 पासून वर्क प्रोफाइलमध्ये (खासगी फोनवरचा कामाचा वेगळा कप्पा) लोकेशनची परवानगी अ‍ॅडमिनला परस्पर देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ड्रायव्हरचाही माग पाळीपुरताच ठेवा, तसं मराठीत लिहून द्या.

सिमवाल्या टॅबचे आयएमईआय (प्रत्येक टॅबचा वेगळा ओळख क्रमांक) आणि बिलं एकत्र जपून ठेवा. टॅब हरवला तर पोलीस तक्रारीच्या प्रतीसह सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो.