लोणारपर्यंत म्हणजे सुलतानपूर फाट्यापर्यंत

पुण्यात संगमवाडीहून सुटणाऱ्या ज्या स्लीपरने आम्ही लोणारला गेलो, त्या ट्रॅव्हल्सला पाचपैकी दोन तारे. त्यातला एक क्लीनरचा. आईची पिशवी त्याने जपून उतरवली.

बुकिंगवाला म्हणाला होता, "लोणार ना? गावात सोडतो, मावशी." पहाटे सव्वाचारला पडदा सरकला. "लोणारवाले, चला चला!" खाली उतरून बघते तर सुलतानपूर फाटा. गाडी मेहकरच्या दिशेने गेलीसुद्धा, आणि लोणार अजून दहा-बारा किलोमीटर आत. मी साठीची, आई शहात्तरची, समोर बंद टपरी आणि तिच्या फळीवर झोपलेलं कुत्रं. आई म्हणाली, "ह्याला उठवू नकोस, आपण दगडावर बसू." साडेपाचला टपरीवाला आला, स्टोव्ह पेटला, चहा झाला, मग त्याच्याच भाच्याची रिक्षा. तीनशे म्हणाला, तीनशे दिले. त्या वेळी घासाघीस कोण करतो!

सरोवराला मात्र तोड नाही. उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेला हा खड्डा पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद आहे. २०२० साली पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा त्याचे नमुने आमच्या पुण्यातल्या आघारकर संस्थेत तपासले होते; खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. आईच्या डोक्यात तेच. हिरवट पाणी बघून काठावरूनच म्हणाली, "गुलाबी कुठाय?" तळापर्यंत उतरणं तिला झेपणारं नव्हतं, गोमुखाच्या धारेखाली हात-पाय धुतले आणि खूश झाली.

परत येताना ट्रॅव्हल्सचं नावच काढलं नाही. लोणार स्टँडवरून मंठ्यामार्गे जालना, तिथून पुण्याची एसटी. हिला पाच. पाठ आखडली, खोटं कशाला बोलू, पण पुण्यातलं वाकडेवाडी स्टँड म्हणजे वाकडेवाडीच. अलीकडे नाही, पलीकडे नाही. महिला म्हणून मला अर्धं तिकीट, आणि आईचं आधार कार्ड बघून कंडक्टरने तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं.

ज्यांना ट्रॅव्हल्सनेच जायचंय त्यांनी 'लोणार' एवढ्यावर समाधान मानू नये. स्टँड की फाटा, हे विचारून मेसेजवर लिहून घ्यावं.

आईने ते तिकीट चारपदरी घडी घालून बटव्यात ठेवलं. शिरूरपर्यंत दोनदा काढून पाहिलं, मग हळूच मला विचारलं, "हे हरवलं तर दंड किती गं?"