गोडोलीतला पिलाटिसचा वर्ग: चौदा महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात राजपथावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. 22 वर्षं मशीनवर वाकून काम चाललंय. गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत खाली पडलेली टाचणी उचलायला वाकले, ती सरळच होईना. गिऱ्हाइकानेच हाताला धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि म्हणाले, हाडांना काही झालेलं नाही, स्नायू कमजोर झालेत, व्यायाम करा. मग गल्लीतल्या बायकांबरोबर चार दिवस अजिंक्यताऱ्यावर गेले. चढताना बरं वाटायचं, उतरताना कंबरेत कळ यायची. तेव्हा एका गिऱ्हाइकाने गोडोलीतल्या या वर्गाबद्दल सांगितलं.

शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपिस्ट आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी व्यायाम असा काही करून घेतलाच नाही. उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, कंबरेच्या पुढच्या हाडांच्या जरा आत माझीच बोटं ठेवायला सांगितली आणि म्हणाल्या, "काकू, हळूच खोका." बोटांखाली काहीतरी ताठ झालं. "आता न खोकता तेवढंच आत ओढा, आणि श्वास कोंडू नका." ते जमायला मला आठवडा लागला. पोटाभोवती आडवा जाणारा हा खोलवरचा स्नायू. आम्ही कमरेच्या बेल्टाला आतून बक्रम लावतो ना, तसाच. वरून दिसत नाही, पण बेल्ट उभा राहतो तो त्याच्यावर. माझं ते बक्रमच गळून गेलं होतं.

हा व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जोसेफ पिलाटिस 1883 साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून छावणीत डांबलं होतं, तिथे ते सोबतच्या कैद्यांकडून व्यायाम करून घेत. पुढे न्यूयॉर्कला वर्ग काढला. ते स्वतः याला ‘कंट्रोलॉजी’ म्हणायचे. वर्गात बसलं की ते नाव पटतं, कारण इथे दहा वेळा भराभर पाय उचलण्याला किंमत नाही, चार वेळा ताब्यात ठेवून उचलायचा असतो.

‘हंड्रेड’ नावाचा प्रकार मला सगळ्यात जड गेला. उताणं पडून डोकं आणि पाय उचलायचे, हात अंगाशेजारी सरळ ठेवून छोटे छोटे ठोके द्यायचे. पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर, असं दहा वेळा, म्हणजे शंभर. पहिल्या महिन्यात तिसाला मान दुखायची. मॅडमनी डोक्याखाली घडीचा टॉवेल दिला, पाय जमिनीवरच ठेवू दिले. चौथ्या महिन्यात शंभर पुरे झाले त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

आता दिवसभर कटिंग करूनही संध्याकाळी पट्टा लागत नाही. वजन मात्र जेमतेम दीड किलो उतरलं, त्यासाठी कुणी येणार असेल तर येऊ नये. मॅडमनी हेही सांगितलं की 2015 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने कंबरदुखीवरचे अभ्यास तपासले, तेव्हा जवळपास काहीच न करण्यापेक्षा पिलाटिस बरं असं दिसलं, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असा पक्का पुरावा मिळाला नाही. स्वतःच्या वर्गाबद्दल इतकं खरं कोण सांगतं? माझा विश्वास तिथेच बसला.

मात्र खंड पडता कामा नये. तुळशीच्या लग्नानंतर कामाचा ढीग पडला आणि मी पाच आठवडे गेले नाही. तिसऱ्या आठवड्यातच सकाळी उठताना कंबर आखडायला लागली. परत गेले तेव्हा हंड्रेड पन्नासावर आलं होतं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार दुकान पाऊण तास उशिरा उघडते, तशी पाटीच लावली आहे.

तक्रार एकच. जानेवारीत बॅच 8 वरून 15 वर गेली. सगळ्यांकडे लक्ष पोचेना. रोल-अप, म्हणजे उताणं पडून पाठ हळूहळू गोल करत उठून बसायचा प्रकार, करताना मी मानेला हिसका दिला आणि दोन दिवस मान वळेना. मी स्पष्ट बोलले, तेव्हा पुढच्या आठवड्यात बॅचच्या दोन बॅचेस झाल्या. तरी नाव घालताना बॅचमध्ये किती जण आहेत ते आधी विचारा. हाडं ठिसूळ असतील तर तेही आधी सांगा, मग पुढे गोल वाकायचे प्रकार मॅडम देत नाहीत.

फी महिन्याला 1,800 रुपये. स्प्रिंगवर सरकणारं रिफॉर्मर यंत्र एकच आहे, त्याचे वेगळे पैसे. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मॅट स्वतःची आणावी, थोडी जाड बघून घ्या, पातळ मॅटवर माकडहाड टोचतं. पहिले दोन दिवस पैसे घेत नाहीत.