मेटफॉर्मिनच्या जोडीला दुसरी गोळी: ग्लिमेपिराइड की डापाग्लिफ्लोझिन?

मधुमेहासाठी दिवसाला २००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन नियमित घेऊनही एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८ च्या वर राहत असेल, तर डॉक्टर बहुधा दुसरी गोळी सुचवतील. डोस अजून ५००-१००० वरच असेल, तर तो वाढवता येईल का, हे आधी विचारा. अंगात लोह कमी असेल तरी एचबीए१सी खरी असते त्याहून जास्त दिसू शकते; म्हणून हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. एचबीए१सी साधारण १ ते १.५ ने उतरते, फरक लवकर दिसतो, गोळी स्वस्त. पण जेवण चुकलं तरी तिचं काम थांबत नाही. शिरोली एमआयडीसीत पाळी करणाऱ्याने सकाळी गोळी घेतली आणि नाष्टा राहिला, की काही तासांत दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढे अंधारी. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी शुगर बघायची, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर भाकरी किंवा भात खायलाच हवा, कारण गोळीचा असर दिवसभर राहतो आणि साखर परत घसरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. वजनही दोनेक किलो वाढू शकतं.

डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा. ती जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे लघवीच्या रिपोर्टात साखर दिसणारच, घाबरू नका. एचबीए१सी ०.५ ते ०.८ इतकीच उतरते. पण मेटफॉर्मिनसोबत साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी आणि वजनही दोन-तीन किलो घटतं. हृदय कमजोर असेल किंवा लघवीतून प्रथिनं जात असतील, तर आमचा कौल हिलाच. तिथे फायदा साखरेच्या आकड्यापुरता राहत नाही. २०२० मध्ये भारतातलं पेटंट संपल्यापासून दरही बराच उतरला आहे.

त्रास होतो तो जननेंद्रियाच्या जागी खाज आणि बुरशीचा. लघवीनंतर धुऊन जागा कोरडी ठेवली की तो पुष्कळ टळतो. खरा धोका वेगळा आहे. नवरात्रातला कडक उपवास, उलट्या-जुलाब, किंवा भाकरी-भात सोडून नुसत्या मटण-रश्श्यावर राहणं, यात रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साठतात. ग्लुकोमीटरवर १८० दिसत असतानाही माणूस गंभीर होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर गोळी थांबवून लगेच तपासणी करा. ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद ठेवतात. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं, तो आकडा) ४५ च्या खाली असेल तर साखर फारशी उतरत नाही, मूत्रपिंडाला आधार मात्र मिळतो.

एकट्या राहणाऱ्या, खाण्याच्या वेळा न सांभाळणाऱ्या वयस्कर माणसाला सिटाग्लिप्टिन ही तिसरी गोळी सोयीची पडते. एचबीए१सी १० च्या वर, सारखी तहान आणि वजन झपाट्याने उतरतंय, अशा वेळी या गोळ्यांच्या तुलनेत वेळ न घालवता इन्सुलिनबद्दल विचारा.

गोळी बदलली की जुनी पाकिटं घरातून काढून टाका. ग्लिमेपिराइड मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीतही येते. वेगळ्या नावाच्या दोन पाकिटांतून तीच दोनदा पोटात जाते आणि साखर कोसळते. औषध दुकानातून निघण्याआधी प्रत्येक पाकिटावरची घटकांची नावं वाचून घ्या.