रोज थोडं की हंगामी काम? थांबण्याचा हिशेब

वर्षभर रोज थोडं काम करत राहायचं, की काही महिने झोकून देऊन मग रान पडीक ठेवावं तसं थांबायचं? निवड स्वभावापेक्षा कामाच्या जातीवर आणि हातातल्या वेळेवर करा.

रोजच्या रीतीचं टोक म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे तीन तास, घड्याळ समोर ठेवून, दर 15 मिनिटांना 250 शब्द लिहायचा. नोकरी किंवा लहान मूल असलेल्यांना हीच रीत झेपते, कारण धागा सुटत नाही. पण एक कादंबरी संपताच दुसरी सुरू केली की जुन्याच वाक्यांच्या चाली नव्या पानांत उतरतात. म्हणून आठवड्याला एक दिवस कोरा ठेवा आणि मोठं काम संपल्यावर निदान दोन आठवडे थांबा.

हंगामी रीत लांब पल्ल्याच्या कामाला मानवते. डिझायनर स्टेफान साग्मायस्टर दर सात वर्षांनी वर्षभर स्टुडिओ बंद ठेवायचा. पहिल्या खेपेला त्याने काहीच आखलं नव्हतं आणि किरकोळ कामांनीच दिवस खाल्ले. मग त्याला वेळापत्रक करावं लागलं. मोकळा वेळ राखला नाही तर फोन आणि फुटकळ कामं तो गिळतात.

आणखी एक चूक याहून महाग पडते: अडलं म्हणून थांबणं. परत याल तेव्हा गाठ तिथेच असते, वर धास्ती वाढलेली. एखादा टप्पा पुरा करून थांबा. शेवटच्या दिवशी कागदावर तीन गोष्टी लिहा: पुढचं दृश्य कुठून उघडतं, कोणता पेच सुटलेला नाही आणि परत बसण्याची तारीख. चित्रकाराने पॅलेटवरच्या प्रत्येक मिश्रणाचा पट्टा कागदावर ओढून खाली रंगांची नावं आणि प्रमाण लिहावं. चित्रातला तो निळसर करडा महिन्याभराने नुसत्या नजरेने जुळत नाही, आणि ठिगळ उठून दिसतं.

गायक-वादकांनी मात्र पूर्ण बंद ठेवू नये. बोटं मऊ पडतात, दमसास घटतो. नवी रचना थांबवा, पण रोज 15–20 मिनिटांचा रियाज चालू द्या.

परतल्यावर पहिले तीन दिवस फक्त जुनं वाचा किंवा पाहा. दुरुस्तीला हात लावू नका. मग आठवडाभर नेहमीच्या निम्मंच काम करा, हात शिवशिवत असले तरी.